दोन तोंडांच्या पेट्या

४ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. बाबांचं घर रिकामं करायला घेतलंय आणि तीन दिवस मी नाकाला रुमाल बांधून वावरतेय. माणसानं काय काय साठवावं याला काही सुमार? मुंग्या लागलेली खोकल्याची औषधं, एकदांडी चष्मे, आणि एका डबीत बाबांच्याच पडलेल्या दाढा, कापसात गुंडाळून. मी कवळ्या बनवणारी बाई, मला दातांचं वावडं नाही. तरी वडिलांची किडकी दाढ बोटाला लागल्यावर माझं त्या दिवशीचं जेवण गेलं.

पण पत्राचं कारण वेगळंच. माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुन्या चादरी, मध्ये डांबराच्या गोळ्या, तळाशी अकरा चामड्याच्या पेट्या. पेटी म्हणतेय, पण त्या काय आहेत देव जाणे. मोठ्या वहीएवढ्या, चार बोटं जाड, दुर्बिणीच्या पेटीसारखं कडक चामडं. झाकण नाही. एका अंगाला शेजारी शेजारी दोन गोल तोंडं. तोंडांभोवती पट्टा, पट्ट्याला बक्कल, आणि बक्कलाला बारकं कुलूप अडकवायची कडी. उचलायला मूठ नाही, खांद्यावर घ्यायला काही नाही. पाठीवर प्रत्येकीला आकडा डागलेला.

आमच्या ह्यांनी दोन तोंडांत दोन बाटल्या घालून बघितल्या, अर्ध्यात अडकल्या. जुन्या वस्तूंचा दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, पिस्तुलांची जोडी ठेवायची पेटी. मग त्यानं ती नाकाजवळ नेली आणि चटकन खाली ठेवली. वास म्हणजे काय सांगू. आंबट, तुपकट, आणि त्याच्याखाली मुताची झाक. मी आत बोट घातलं तर काळं लोण्यासारखं काहीतरी नखात भरून आलं. तीनदा हात धुतले.

तू काकांच्या दुकानात जन्मभर पेट्या शिवल्यास, कॅमेऱ्यांच्या, दुर्बिणींच्या, न्हाव्यांच्या वस्तऱ्यांच्या. सोबत चित्र काढून पाठवतेय. ह्या कशाच्या ते सांग. शाळेला यंदा साठ वर्षं होतायत. नवीन मुख्याध्यापिकांनी आजोबांच्या वस्तू मागितल्यात, काचेच्या कपाटात मांडायला. मुक्या लेकीसाठी आजोबांनी मूकबधिरांची शाळा काढली आणि तिला बोलतं केलं, ही गोष्ट ऐकत आपण वाढलो. तेव्हा ह्या पेट्या त्यांच्या असतील तर शाळेला देईन म्हणते.

आत्याला नमस्कार सांग. तुझ्या मिशांमुळे तिला ओठ वाचता येत नाहीत, त्या काप.

चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद. चित्र पाहिलं. त्या नादकाट्यांच्या पेट्या आहेत. बहिऱ्या मुलांना आवाजाचा कंप हाताला कळावा म्हणून आजोबा नादकाटे वापरायचे. दोन काटे, म्हणून दोन तोंडं. मुलांनी काढून खेळू नये म्हणून कुलूप. एवढंच त्यात आहे.

आता माझं ऐक. चामड्यात ओल शिरून बुरशी धरली की ती जात नाही, आणि तिची धूळ छातीला वाईट. परसात खड्डा खण आणि सगळ्या पुरून टाक. जाळू नकोस, जळक्या चामड्याचा वास आठवडाभर घरातून जाणार नाही. शाळेला आजोबांचा चष्मा दे, फळ्यावरची लाकडी काठी दे. कुजकं चामडं काचेत ठेवून शोभा होत नाही.

आत्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तूही तिला लिहू नकोस. तिला जुन्या गोष्टींचा शीण होतो.

मिशा कापल्या.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादा,

तुझं पत्र यायच्या आधीच मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या होत्या. नादकाट्यांचं कळवलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला. पाटी छापायला टाकलीय: 'संस्थापकांची नादकाट्यांची उपकरणपेटी'. मग पुरायच्या कशा? म्हटलं, निदान पुसून देऊ.

पुसायला घेतल्या आणि हात थांबला. पट्ट्याची कड चावलेली आहे. एकीची नव्हे, आठांची. मी आधी उंदीर म्हणून सोडून दिलं. मग कामाची भिंगाची पट्टी डोळ्यांवर चढवली. दादा, मी बावीस वर्षं लोकांच्या तोंडांचे साचे हाताळतेय. दाताची खूण मला कुणी शिकवायला नको. ह्या माणसाच्या दातांच्या खुणा आहेत. पुढचा मोठा दात नवा फुटतो तेव्हा त्याच्या कडेला तीन बारीक उंचवटे असतात, करवतीसारखे. वर्षा-दोन वर्षांत झिजून जातात. ह्या खुणांत ते तीन उंचवटे स्पष्ट आहेत. म्हणजे चावणारं सात-आठ वर्षांचं होतं.

मला राहवेना. दातांचं माप घ्यायचा आमचा गुलाबी मसाला असतो, पाण्यात कालवला की खिरीसारखा, पाच मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो. तो मी सर्वांत लहान पेटीत दोन्ही तोंडांतून ओतला. घट्ट झाल्यावर ओढून काढला.

दोन मुठी बाहेर आल्या. लहान मुलाच्या, शेजारी शेजारी. आतलं चामडं वर्षानुवर्षं त्याच आकाराला दबलेलं होतं, त्यामुळे सांध्यांचे उंचवटेसुद्धा उमटले. आणि जिथे बोटं वळतात तिथे चामड्यात खरवडल्याच्या रेघा, त्या मसाल्यावर शिरांसारख्या उठल्या होत्या. तो काळा लोण्यासारखा मळ कशाचा, ते तेव्हा कळलं. माझ्या नखात तो होता, दादा. मी त्या हातानं पोळीचं पीठ मळलं होतं.

नादकाट्यांना नखं नसतात. तुला चामड्यातलं एवढं कळतं आणि हे कसं कळलं नाही? खरं काय ते लिही.

चिमणी


९ मार्च

चि. चिमणे,

मी उत्तर लिहिलं नाही, तोवर तुझी तीन पत्रं आली, समोर आहेत. दोन तर शिव्यांचीच आहेत, त्या मला लागू आहेत.

नादकाट्यांचं मी खोटं लिहिलं. चित्र बघितलं तेव्हाच ओळखलं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी दुकानातले साचे उपसत होतो. प्रत्येक पेटीचा पुठ्ठ्याचा साचा आम्ही ठेवतो, त्यावर कशाचा ते लिहून. त्यात एक दोन भोकांचा निघाला. वडिलांच्या अक्षरात त्यावर होतं: 'अण्णांच्या शाळेसाठी. हात. लहान व मध्यम.'

आत्या तेव्हा नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. मी साचा तिच्यापुढे धरला आणि विचारलं, हे काय. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिथल्या तिथे, कापून ठेवलेल्या चामड्यावर, ओकली. मग स्वतःच फडकं आणून पुसलं. मी साचा शेगडीत घातला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. रोज समोरासमोर बसून जेवतो आम्ही.

विचारलं नाही म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. आजोबांचं म्हणणं तुलाही पाठ आहे: हात हलला की जीभ आळसावते, खुणा म्हणजे माकडचेष्टा, मूल तोंडानंच बोललं पाहिजे. लोक ह्याला शिस्त म्हणायचे, आपणही म्हणायचो. ती शिस्त हातांवर बसवली कशी, हे घरात कुणी विचारलं नाही. आत्या हात काखेत घालून बसते, तर आपण म्हणायचो, हिला थंडी फार वाजते.

शिलाई माझ्या वडिलांची आहे. तोंडाची कड आतून बघ. चामडं सोलून, मेण लावून मऊ केलेलं असेल. पोरांच्या मनगटाला काचू नये म्हणून. एवढी काळजी त्यांनी घेतली असणार, मला ठाऊक आहे, कारण मलाही तसंच शिकवलंय. मला त्या मऊ कडेचीच सर्वांत जास्त शिसारी येते. चार दिवस झाले, दुकान उघडतो, आरी हातात घेतो आणि तशीच ठेवून देतो.

पुरून टाक म्हणालो ते तुझ्या छातीसाठी नव्हतं, हे तुला कळलंच असेल.

दादा


१६ मार्च

ती. दादा,

कड बघितली. मऊ आहे. बघून न्हाणीघरात जाऊन आले.

आता माझ्या वडिलांचं ऐक, म्हणजे फिटंफाट होईल. बाबा तीस वर्षं शाळेचे सचिव होते. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या मी नीट बघितल्या. जुन्या गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या होतात, ह्या चांगल्या टपोऱ्या होत्या. म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत, दम लागत असताना, बाबा शिडी चढून माळ्यावर जात होते आणि गोळ्या बदलत होते. कसर लागू नये म्हणून. फेकायची हिंमत नाही, कुणाला सांगायची नाही, पण वस्तू मात्र नीट राहिली पाहिजे. मी त्यांचा फोटो भिंतीवरून काढून उलटा ठेवलाय. आमचे हे म्हणाले, गेलेल्या माणसावर काय राग धरायचा. मी म्हटलं, राग नाही, किळस आहे. रागाला निदान काही तरी मान असतो.

मुख्याध्यापिकांकडे जाऊन आले. बाई चांगल्या आहेत, हीच पंचाईत. आता शाळेत सगळं खुणांनीच शिकवतात, मुलं हातांनी भांडतात, हसतात, मी डोळ्यांनी बघितलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "त्या काळी सगळीकडे असंच चालायचं हो. आता कशाला उकरायचं? पाटीही छापून आलीय." आणि चहा पुढे सरकवला. मी पिशवीतून ती मुठींची जोडी काढून टेबलावर ठेवली. मसाला सुकून आक्रसलाय, मुठी आणखी लहान दिसतात. बाईंनी तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं. मग बिस्किटांची बशी त्या वर्तमानपत्रावरच ठेवली. मुद्दाम नाही, जागा नव्हती म्हणून.

आणि पाच एप्रिलच्या समारंभाला 'शाळेची पहिली विद्यार्थिनी' म्हणून आत्याला बोलावलंय. दोन शब्द बोलायला. समोर काचेत ह्या पेट्या, शेजारी आजोबांची तसबीर. तिला सांगायचं की नाही? तू नको म्हणशील. पण न सांगता तिला तिथे नेऊन उभी करणं मला जमणार नाही.

चिमणी


२५ मार्च

चिमणे,

तुझा दादा पत्रं टेबलाच्या खणात ठेवतो. बहिऱ्या माणसाला घरात कुणी काही सांगत नाही, म्हणून बहिरं माणूस हाती लागेल ते वाचतं. मी तुझ्या पहिल्या पत्रापासून वाचते आहे.

तुम्ही दोघं माझी कीव करता आहात. ती थांबवा.

मला पेटीत दोन वर्षं घातलं. आठव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत. वर्ग सुरू झाला की हात आत, सुटला की बाहेर. नाक गळलं तर ओठांवर येऊ द्यायचं. माशी बसली तर बसू द्यायची. लघवीला जायचं तर तोंडानं सांगायचं. उच्चार बरोबर आला तर कुलूप निघायचं. बहुतेकांचा येत नसे. तू वासाचं लिहिलंस. तो वास त्याचा आहे.

मग मी बोलायला लागले. अण्णांना आनंद झाला. पाहुणे आले की मला खुर्चीवर उभं करायचे आणि मी पाच वाक्यं म्हणायची. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत बाकीच्यांच्या पेट्या मी घालत होते आणि मी काढत होते. मला ते काम आवडायचं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिते आहे. किल्ल्या कमरेला असल्या की अण्णा पाठीवर हात ठेवायचे. भावांच्या पाठीवर ते कधी ठेवत नसत.

चार नंबरची मुलगी सहा वर्षांची होती. ती मला चावली. मी तिचा पट्टा एक भोक जास्त आवळला. शाळा सुटल्यावर तिचं कुलूप काढायला विसरले. खोटं लिहिलं. विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा तिचे हात निळे होते. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. अण्णांनी डॉक्टरला सांगितलं, दारात चेंगरली. त्यांनी मला कधी विचारलं नाही. आपल्या घरात विचारत नाहीत.

दादानं साचा दाखवला तेव्हा मी माझ्यासाठी ओकले नाही.

ती समारंभाला येणार आहे. बाईंनी जुन्या मुलांची यादी पाठवली, त्यात आहे. पेट्या इकडे पाठव. पुसू नकोस.

आणखी एक काम कर. बाकीची मुलं वसतिगृहात राहायची, एकमेकांकडून खुणा शिकली. मी घरी राहायचे. मला कुणी शिकवल्या नाहीत, कशाला शिकवतील. त्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला विचार, 'ते मी केलं' आणि 'मला ते आवडायचं' हे हातांनी कसं म्हणतात. चित्र काढून पाठव. क्षमेची खूण नको. ती मागायला मी जात नाही.

आत्या


३० मार्च

ती. दादा,

पेट्या पार्सलनं पाठवल्यात. सोबत खुणांची चित्रं आहेत, बाणांनी हाताची दिशा दाखवलीय. शिक्षकानं 'आवडायचं'ची खूण तीनदा करून दाखवली, हसत हसत. कशासाठी हवी ते मी सांगितलं नाही.

मी समारंभाला येणार नाही. आत्याचं पत्र वाचलं आणि मला तिचीही किळस आली. हे तिला कळू देऊ नकोस. म्हणजे कळेलच, तू हे पत्रसुद्धा खणातच ठेवशील. कळू दे. तिच्या मांडीवर मी झोपलेय, तिनं माझ्या वेण्या घातल्यात, आणि आता त्या बोटांचं मला आठवलं की मान आखडते. मग वाटतं, दहा वर्षांच्या पोरीच्या कमरेला किल्ल्या बांधणारा माणूस तसबिरीत हार घालून बसणार आणि मी किळस करतेय ती हिची. माझं मलाच काही कळेनासं झालंय.

तिच्याबरोबर राहा.

चिमणी


१२ एप्रिल

चि. चिमणे,

तुला सगळं जसं झालं तसं लिहितो. तू आली नाहीस ते चुकलं असं मी म्हणणार नाही.

सभागृहात पुढच्या तीन रांगांत जुने विद्यार्थी होते, तीसेक जण. मागे पालक, पाहुणे, नगरातले मोठे लोक. बाईंनी आत्याचं नाव पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, कापडी पिशवीतून एकेक पेटी काढली आणि पाहुण्यांपुढच्या पाण्याच्या पेल्यांमध्ये मांडली. अकरा. ध्वनिक्षेपकाकडे वळलीही नाही.

पुढच्या रांगांत काय झालं ते मला नीट दिसलं. एका टकल्या माणसानं दोन्ही हात खिशात घातले. एक बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एकानं घशातून असा आवाज काढला की मला आधी वाटलं तो हसतोय. आणि त्याच वेळी मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मुख्याध्यापिका माईकमध्ये म्हणाल्या, "ही संस्थापकांची नादकाट्यांची..."

मी उठलो. मला सभेत बोलायची सवय नाही, माझा आवाज चिरकला. मी म्हणालो, "त्या मुलांचे हात कोंडायच्या पेट्या आहेत. माझ्या वडिलांनी शिवल्यात."

टाळ्या थांबल्या. ज्यांना हे ऐकायची गरज नव्हती ते बहिरे होते, ज्यांना होती ते खाली बघायला लागले. प्रमुख पाहुण्यांनी समोरचा पेला उचलला, पेटीला लागून होता तो, आणि न पिता रुमालानं बोटं पुसली. मग जुने विद्यार्थी उठले. एकेक जण वर येऊन पेट्या उलट्या करून आकडे बघायला लागला. ज्याला आपली सापडली तो ती घेऊन उतरला. कुणी काखेत मारली, कुणी जमिनीवर टाकून वर उभा राहिला. माझ्या वडिलांचा टाका मजबूत, ती फुटेना. तो माणूस घामाघूम होईपर्यंत तिच्यावर नाचत होता आणि त्याची बायको त्याचा कोट धरून उभी होती.

चार नंबर तशीच पडून राहिली.

चार नंबरची ती मुलगी दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती. साठीची, गोल चेहऱ्याची, नातीला घेऊन आलेली. नातीला ऐकू येतं, ती आजीला हातांनी सगळं सांगत होती. आजी एकाच हातानं उत्तर देत होती. आत्या खाली उतरली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्या बाईनं आत्याला ओळखलं. कसं ओळखलं कोण जाणे, पण तिचा चेहरा असा झाला, जसं ताटात काही वळवळताना दिसावं.

आत्यानं हात वर केले. पार्सल आल्यापासून रोज आरशापुढे तुझी चित्रं घेऊन बसायची ती. तिनं पहिली खूण केली. ते मी केलं. दुसरी करायला हात उचलला, आणि त्या बाईनं डोळे मिटले.

चिमणे, मला आधी कळलंच नाही. वाटलं तिला घेरी आली. नातीनं तिचा दंड हलवला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मग माझ्या ध्यानात आलं. आपण नको असलेलं ऐकायचं टाळायला उठून जातो, कानांवर हात ठेवतो. तिला एवढंच करावं लागतं. आत्या खुणा करत राहिली. दुसरी केली, पुन्हा पहिली केली, पुन्हा दुसरी. तिच्याकडे दोनच होत्या. समोर मिटलेले डोळे. नात मात्र सगळं बघत होती आणि तिला त्या खुणा समजत होत्या. मला आवडायचं, मला आवडायचं, असं एक म्हातारी तिच्या आजीला सांगतेय एवढंच त्या मुलीला दिसत होतं. तिनं आत्याकडे असं बघितलं की मी आत्याचे दंड धरून तिला मागे ओढलं. तेव्हा कुठे हात थांबले.

बाहेर येईपर्यंत मी वळून बघत होतो. ती डोळे मिटूनच बसली होती.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. मी कागद पुढे केला, तिनं सारला. मग तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात, जो तिला स्वतःला कधी ऐकू आला नाही, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं केलं तिनं."

लोक वळून बघायला लागले. मी बोट ओठांवर ठेवलं, सवयीनं. तिनं माझं बोट धरून खाली केलं आणि तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा म्हणाली.

दादा